जनुक म्हणजे नशीब नव्हे

"डॉक्टर, आमच्या घराण्यातच शुगर आहे. आजीला होती, वडिलांना आहे, मलाही होणारच. मग आत्तापासून पथ्य कशाला?"

हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार ऐकायला मिळतो. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. नेमके याच वयात बरेच काही हातात असते, म्हणून या समजुतीचे मला वाईट वाटते. आज तुम्हाला त्यावर एका जिवाणूची गोष्ट सांगतो.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू राहतात. ग्लुकोज मिळाले की ते आधी तेच वापरतात. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज वापरायची तर आधी तिचे दोन तुकडे करावे लागतात. हे काम बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम करते. ते बनवण्याचे जनुक या जिवाणूजवळ कायम असते, पण लॅक्टोज नसताना पेशीत हे एन्झाइम नावापुरतेच सापडते. ग्लुकोज संपले आणि लॅक्टोज मिळाले, की त्याचे प्रमाण सुमारे हजारपटीने वाढते!

हे कसे घडते? या जनुकाच्या तोंडाशी एक प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. लॅक्टोज पेशीत शिरले की त्यापासून तयार झालेला एक रेणू या प्रथिनाला चिकटतो आणि कुलूप निघते. तरीही ग्लुकोज भरपूर असेल तर काम रेंगाळते. ग्लुकोज संपले की मगच त्याला जोर येतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये ही यंत्रणा मांडली. १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

मधुमेही रुग्णांना या शोधाचा थेट फायदा झाला. १९७८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके ई. कोलायमध्ये घातली, ती याच लॅक्टोजच्या जनुकाला जोडून. कारण नुसते जनुक असून भागत नाही, ते चालू करणारे बटणही लागते. १९८२ मध्ये असे इन्सुलिन तिथे औषध म्हणून मंजूर झाले. त्याआधी इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागत असे.

आता मुद्द्याकडे येऊ. माणूस म्हणजे जिवाणू नव्हे. टाइप २ मधुमेहामागे एक नाही, अनेक जनुके असतात आणि त्यांना असे एकच बटण नसते. पण तत्त्व तेच आहे: जनुक असणे वेगळे आणि त्याचा परिणाम दिसणे वेगळे. मधे आपला आहार, वजन, झोप आणि हालचाल असते.

याला पुरावाही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करणे, एवढेच उद्दिष्ट होते. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासात (२००६) ही घट सुमारे २८ टक्के होती. म्हणजे आपल्या लोकांत फायदा थोडा कमी दिसला, पण दिसला.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की "घराण्यात आहे" हे पथ्य सोडण्याचे कारण नसून लवकर सुरू करण्याचे कारण आहे. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर तिशीपासून दरवर्षी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी तपासा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आली तर घाबरू नका, पण "थोडीच तर आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. डॉक्टरांना भेटा. रोज अर्धा तास भरभर चाला.

आणि एवढे करूनही मधुमेह झालाच, तर स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही तो काही वर्षे लांबवला असेल, तर तेवढी वर्षे तुमचे डोळे, मूत्रपिंड आणि पाय सुरक्षित राहिले. ही कमाई लहान नाही.