दोन खाली, दोन वर

इंग्लंडमधलं जुनं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातले वाडे-बंगले येतात. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) गिरणीत राबणाऱ्याचं घर बहुधा चारच खोल्यांचं. दोन खाली, दोन वर. माझी मावसबहीण यॉर्कशरमध्ये अशाच एका घरात राहते, त्यामुळं मला त्याची गोडी लागली.

पुढची खोली पाहुण्यांची. एरवी बंद, रविवारी उघडायची. सगळा संसार मागच्या खोलीत, ओतीव लोखंडाच्या कोळशाच्या चुलीभोवती. संडास मागच्या अंगणात. तिकडच्या थंडीत, मध्यरात्री... असो!

खिडक्या मात्र बघण्यासारख्या. दोन चौकटी खाली-वर सरकणाऱ्या, दोरीला बांधलेली लोखंडी वजनं बाजूच्या पोकळीत लपवलेली. वरची थोडी खाली ओढली, खालची थोडी वर सरकवली, की गरम हवा वरून बाहेर आणि ताजी खालून आत. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. मग साध्या घरांनाही मोठी तावदानं परवडू लागली.

आणि दाराची पायरी! गिरण्यांच्या गावांत बायका ती 'डाँकी स्टोन' नावाच्या वडीनं घासून उजळवीत. ही वडी भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात देई. आपली बोहारीणच की! पायरी मळकी राहिली तर शेजारणी नाकं मुरडणारच.

गेल्या वर्षी बहिणीच्या पुढच्या भिंतीला ओल आली. धाकट्याचा खोकला हटेना. कारागीर म्हणाला, "विटांच्या सांध्यांत सिमेंट भरतो, चुलीचं धुराडं बुजवतो." तिनं त्याला थांबवलं, ते बरं केलं. या भिंती भरीव विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. आत शिरलेलं पाणी चुन्यावाटे बाहेर पडून वाळतं. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल विटेत कोंडते आणि कडाक्याच्या थंडीत गोठून विटेचे पापुद्रे सुटतात. धुराडं बुजवायचंच तर हवेपुरती जाळी ठेवावी लागते, नाहीतर तिथंही ओल धरते. तिनं आधी पन्हळ पाहिली, तर ती पानांनी तुंबलेली! ती साफ केली आणि सांधे चुन्यानंच भरून घेतले.

मैत्रिणींनो, आपल्याकडच्या चुन्यातल्या जुन्या वाड्यांनाही हेच लागू, बरं का. आधी पन्हळ आणि कौलं बघा, मग गवंड्याला बोलवा. भिंत पुरती वाळायला कित्येक महिने लागतात. तोवर कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढून ठेवा.