गंजावर रंग मारू नका



कळमनुरीतल्या आमच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, गेल्या उन्हाळ्यापासून एक जुनी प्रीमियर पद्मिनी उघडीबोडकी उभी होती. १९८५ सालची ही मोटार माझ्या थोरल्या बंधूंनी २००२ मध्ये जुनी म्हणून घेतली होती. ते शिक्षक होते. गाडी घराची कमी आणि वस्तीचीच जास्त होती. अडलेली बाळंतीण, परीक्षेला निघालेली पोरे, विहारात येणारे भन्तेजी, सर्वांना तिने वाहिले. दादा गेल्यावर चार वर्षे ती जागची हलली नाही. भंगारवाला दोनदा भाव सांगून गेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, विकायची तर विका, पण माझ्या डोळ्यांदेखत तोडू नका."

तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, पत्र्याचं काम मी करतो. वर्षभर तेच तर शिकलो."

इथे एक कबुली दिली पाहिजे. मुलाने कॉलेज सोडून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला, हे मी नातेवाइकांना सांगत नव्हतो. कोणी विचारले तर "शिकतोय" एवढेच म्हणायचो. चळवळीच्या सभांतून "शिका" म्हणून सांगणारा मी. पण माझ्या मनातले शिक्षण म्हणजे टेबल, खुर्ची आणि पांढरा सदरा.

ही गाडी मुंबईत कुर्ल्याला तयार होई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. १९६४ पासून इथे फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि १९७४ मध्ये तिचेच नाव पद्मिनी झाले. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे दुकानात तयार पत्रा मिळेल या भरवशावर राहता येत नाही. हातानेच घडवावा लागतो.

मुलाने पहिल्या दिवशी हातोडी घेतलीच नाही. एक साधे लोहचुंबक घेऊन गाडीभर फिरवले. जिथे ते चिकटेना, तिथे खाली पत्रा नव्हे, जाड लांबी होती. दादांनी दोनदा पैसे मोजून रंगकाम करून घेतले होते. करणाऱ्याने गंज तसाच ठेवून वरून लांबी थापली आणि चकाचक रंग मारला होता. पहिल्या पावसाळ्यापर्यंत शोभा, नंतर पुन्हा फुगवटे. आत पाणी साचण्याचे कारणही सापडले. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती लिंबाच्या पाल्याने बुजली होती.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी आणि बैठकीखालचा पत्रा कुजला तर गाडी मधून वाकते. म्हणून कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी अँगल टाकून ती जखडावी लागते, नाहीतर नंतर दारच लागत नाही. मग गंज जिथे संपतो तिथे नव्हे, त्याच्या थोडे पुढे, निरोगी पत्र्यापर्यंत कापायचे. २० गेजचा तुकडा बेतून बसवायचा. सलग वेल्डिंग केले तर पत्रा तापून पिळतो. म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचे. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, त्याच दिवशी प्रायमर. लांबी शेवटी, अगदी पातळ. मग पाणीपेपर घासत बसायचे, बोटे झिजेपर्यंत.

घरी कोणी करणार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडा आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. दुसरे म्हणजे, हार्डनर घातलेल्या रंगाचा फवारा फुप्फुसांना घातक असतो. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. आम्ही शेवटचा रंग घरी मारलाच नाही. मुलाच्या उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये मारून आणला.

मी बी.कॉम. झालेला कारकून. माझ्याकडे हिशेबाची वही होती. संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर बॅटरी धरून उभा राहायचो. एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, हात लावून बघा." मी घासलेल्या जोडावरून बोट फिरवले. जोड कुठे आहे ते कळेना. त्या क्षणी मला माझ्याच मनातला गंज दिसला.

हा गंज आला कुठून? आमच्या आज्या-पणज्यांना मेलेली ढोरे ओढायला लावली. गावकीची कामे त्यांच्या माथी जन्माने मारली. त्यातून सुटलेल्या पिढीला मळलेल्या हातांची धास्ती वाटली, यात नवल नाही. मीही त्याच धास्तीत वाढलो. पण लादलेले काम वेगळे आणि शिकून, निवडून, दाम ठरवून केलेले काम वेगळे. बाबासाहेबांचा १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'तला आक्षेप कामे वाटून घेण्याला नव्हता, जन्मावरून माणसे कामाला जुंपण्याला होता. त्याच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना तांत्रिक शिक्षण आणि कारखान्यांत उमेदवारी मिळावी अशी मागणी केली. जी दारे आपल्याला बंद होती ती त्यांनी उघडून मागितली. आज त्यातून आत गेलेल्या मुलाला आपणच नाक मुरडायचे?

व्यवहाराचेही सांगतो. ५० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय आहे, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आमची तेवढी जुनी नाही. २० वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, विलंबशुल्क वेगळे. रंग मूळचाच ठेवला, कारण नोंदणीपुस्तकात तो लिहिलेला असतो. हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात तपासणी व्हायची आहे. ती पार पडेल की नाही, आज सांगता येत नाही.

परवा वहिनींनी मागचे दार उघडले, आत बसल्या आणि दार ओढून घेतले. ते एका झटक्यात लागले. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने काच पुसत राहिल्या.

काल विहारात एका पाहुण्यांनी विचारले, "मुलगा काय करतो?"

मी म्हणालो, "वेल्डर आहे. चांगला आहे."

जयभीम.