हाताने रचलेला राजगड

दिवाळी जवळ आली की बाजारात प्लास्टरचे रंगवलेले तयार किल्ले मांडले जातात आणि वेळेच्या अभावाची सबब पुढे करून पालकमंडळी ते बिनदिक्कत घरी आणतात. परंतु दगडविटांच्या राशीवर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरून, वर माती थापून अळीव पेरणाऱ्या मुलास जे ज्ञान लाभते, ते या सौद्यात मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातही प्रमाणाचा दंडक पाळावा. हजारास एक हे प्रमाण धरले, की १०० मीटरांचा कडा १० सेंटिमीटरांचा होतो आणि पहारेकरी जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा उरतो. मग बुरुजावर वीतभर मावळा उभा करण्यास हात धजत नाही. राजगडावरील संजीवनी माचीच्या दुहेरी तटामधील चिंचोळी वाट काडीने कोरताना, बाहेरची भिंत ढासळली तरी आतली का झुंजू शके, याचा उलगडा आपसूक होतो.

२०२५ साली युनेस्कोने राजगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा बहाल केला. त्या सन्मानाची जाण मात्र, चुकलेला बुरूज पाडून पुन्हा बांधणाऱ्या चिखलमाखल्या हातांतच रुजेल.