हाताला मुंग्या येतात? आधी अंगठा तपासा

तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा दिसतो, त्यात त्वचेच्या लगेच खाली एक छोटा स्नायू असतो. त्याचे नाव ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस. अंगठा तळहातापासून वर, छताच्या दिशेने उचलणे हे त्याचे काम. पेला धरण्यापूर्वी हात उघडतो तो याच्यामुळे.

या स्नायूला चालवणारी मीडियन नस मनगटातील एका अरुंद बोगद्यातून येते. तिथे नस दबली की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो; करंगळी मात्र सुटते. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण आणि मनगटावर सतत ताण देणारी कामे यांत तो अधिक आढळतो.

आपल्याकडे मुंग्या म्हटले की बी-१२ ची इंजेक्शने सुरू होतात. माझे स्पष्ट मत आहे की, हात न तपासता ती घेत राहणे घातक आहे. बी-१२ कमी असू शकते, पण त्या मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात आणि सहसा करंगळीला वगळत नाहीत. इंजेक्शनांमुळे नसेवरचा दाब कमी होत नाही. महिने जातात, उंचवटा सपाट होतो, शर्टाची बटणे लावणे जड जाते. स्नायू असा वाळल्यावर शस्त्रक्रिया करूनही तो पूर्ववत होईलच याची खात्री नसते.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. अंगठा छताकडे उचला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खाली दाबा. दोन्ही बाजूंची ताकद व उंचवटा ताडून पाहा. फरक वाटला तर थांबू नका. गरजेनुसार नसेची तपासणी (एनसीव्ही) करतात. लवकर आलात, तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा किंवा बोगद्यात दिलेले एखादे स्टेरॉइडचे इंजेक्शन अनेकांना पुरते. स्नायू अशक्त होऊ लागला असेल, तर आडवा पट्टा कापून नस मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया लांबवू नये.

म्हणून मुंग्यांची तक्रार घेऊन जाल तेव्हा, “डॉक्टर, माझा अंगठाही बघा” असे अवश्य म्हणा. यात संकोच कसला?