पडीक कुणाला म्हणता?

भाईंदर सोडून गाडीने खाडीपूल ओलांडला की डब्यातलं कुणीतरी खिडकीबाहेर बघत हमखास म्हणतं, "बघ, एवढी जागा नुसती पडून आहे!" बोट असतं ते मिठागराकडे. वर्षानुवर्षं हे ऐकतोय आणि दर वेळी डोकं फिरतं. धावत्या गाडीतून दोन मिनिटं बघितलेल्या जमिनीला पडीक ठरवणारे तुम्ही कोण? आमच्या उमेळ्याच्या बाजूला बांधावर बारा महिने येऊन बसा, मग बोला.

पाऊस सरला की बांधांची डागडुजी होते, गाळ काढून वाफे तुडवून घट्ट करतात. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचं पाणी आत घेतात. भांगाच्या भरतीत ते एवढं चढत नाही. या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरता फिरता पाणी आटतं, जड होतं. थंडीत त्याच उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चिखल टोचत फिरतात, बगळे तर विचारू नका. ऊन चढलं की वाफ्याच्या कडेला साय धरावी तसं मीठ धरतं. कडेची मोरस तांबूस व्हायला लागते. (कोवळी असताना खुडून कोलंबीत टाका, पण मिठाचा हात आवरा, ती मुळातच खारट.) एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या राशी लागतात आणि जूनची पहिली मोठी सर येण्याआधी त्या उचलायची, झाकायची एकच धांदल. मग दोन-चार दिवसांत सगळं पांढरं विरघळून नुसतं पाणी.

आणि खरी गोष्ट इथंच आहे. पावसाळ्यात 'रिकामी' दिसणारी ही जागा पाणी धरून ठेवण्याचं काम करत असते. वर मुसळधार पाऊस, खाली खाडीला उधाण, अशा वेळी गावातलं पाणी ओहोटी लागेपर्यंत थांबणार कुठे? २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार बुडालं, लोकल बंद पडल्या, घराघरांत पाणी साचून राहिलं. मिठागरातली कामगार कुटुंबंही पाण्यात अडकली. तेव्हाही काही शहाणे म्हणालेच, मिठागराच्या बांधांनी पाणी अडलं. असेल, काही ठिकाणी अडलं असेल. पण अहो, मातीचा बांध कुदळीने फोडता येतो. पुरुषभर उंच मुरमाचा भराव टाकून त्यावर सात मजले चढवलेत, ते कशाने फोडणार?

घरं नकोत असं नाही. आमचीही पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. पण घरांचं नाव पुढे करून मिठागरं मागायची रीत आता पक्की झाली आहे. २०२४ मध्ये मुंबईत कांजूर, भांडुप, मुलुंडकडची अडीचशेहून जास्त एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं. तिथे चाललं की इथे चालायला किती वेळ? आमच्याकडे तर रात्रीचे डंपर परवानगीचीही वाट बघत नाहीत. सकाळी बघावं तर तिवरांच्या मुळाशी फुटक्या लाद्यांचा ढीग.

कागदावर 'पडीक' लिहिणाऱ्या साहेबांना माझं एकच सांगणं: पाहणीला जानेवारीत, कोरड्या बुटांनी येऊ नका. जुलैच्या अमावास्येला भरतीच्या वेळी या, पाऊस धरलेला असताना. छत्री मी देतो.