मागे सरायचे ते कोणी?

नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई पाळकांच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला पुष्कळदा एकच उत्तर मिळते : बाई, ज्याचा क्रूस त्याने उचलायचा असतो, स्वतःआधी दुसऱ्याचा विचार कर. जमिनीच्या वाटणीत डावललेल्या धाकट्या भावाला हेच सांगतात, पगार थकलेल्या चर्चच्या झाडूवाल्यालाही हेच. मी ख्रिस्ती आहे आणि हा उपदेश ख्रिस्ती नाही, असे माझे म्हणणे आहे.

असा उपदेश करणाऱ्यांचा आधार साधा आहे. येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले, स्वतःला नाकारायला सांगितले, आणि शेवटी तो निमूटपणे क्रूसावर गेला. तेव्हा त्याच्या अनुयायाला हक्काची भाषा शोभत नाही. पण हे शुभवर्तमान अर्धेच वाचणे झाले. प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली, तेव्हा येशू गप्प बसला नाही. माझे बोलणे कुठे चुकले ते दाखव, नाहीतर मारलेस का, असा जाब त्याने विचारला. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. आणि प्राण देण्याबद्दल त्याने स्वच्छ सांगून ठेवले होते की तो कोणी माझ्याकडून हिरावून घेत नाही, मी आपण होऊन देतो. मार खाणाऱ्या बाईने काय दिलेले असते? तिच्याकडून ते घेतले गेलेले असते. लुटीला दान म्हणायचे आणि लुटले गेलेल्याला त्याबद्दल देवाचे आभार मानायला लावायचे, हे पाप आहे.

मग दुसऱ्याला पुढे ठेवण्याची आज्ञा नेमकी कोणाला आहे? शेवटच्या भोजनाच्या रात्री पाय धुतले ते गुरूने. त्या काळी ते दासाचे काम. येशूने कोणा दासाला बोलावून अधिक नम्रतेने पाय धुवायला सांगितले नाही. तो स्वतः आसनावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. फिलिप्पैकरांना लिहिताना पौलही दाखला देतो तो सर्वांत उंच असलेल्याने खाली येण्याचा. ही आज्ञा आधी आसनावर बसलेल्याला आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र ती बहुतेक वेळा जमिनीवर बसलेल्यांनाच ऐकवली जाते.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मला या वादात निर्णायक वाटते. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या ज्या ख्रिस्ती जोगिणींनी आसरा दिला त्यांचे उपकार त्या कधी विसरल्या नाहीत. पण मी सांगतो तसेच मान, असे म्हणणाऱ्या धर्मगुरूंपुढे त्यांनी मान तुकवली नाही. रमाबाईंनी पुरुषांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी सडेतोड उत्तरे लिहिली. एका पुरोहितशाहीतून सुटलेली ही बाई दुसरीच्या हाती सद्सद्विवेक द्यायला तयार नव्हती. 1897 साली पुण्यात प्लेग आला. सरकारी इस्पितळात बायकांची होणारी दैना त्यांनी वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर मांडली, सरकार ख्रिस्ती राणीचे आहे याची तमा न बाळगता.

आणि याच बाईने बाकी सगळे देऊन टाकले. संस्कृत विद्येने मिळवलेला मान, अमेरिकेत कमावलेले नाव, सारे काही विधवांच्या आणि दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींच्या पायाशी घातले. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. ऐकू कमी येणाऱ्या रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी. ताठ कणा आणि रिकामी ओंजळ एकाच माणसात नांदू शकतात, हे या बाईने दाखवले.

रमाबाईंच्या सेवेला धर्मांतराचा वास होता, असा आक्षेप तेव्हाही होता. 1893 साली सुधारक रानडे आणि भांडारकर रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेच्या, शारदा सदनाच्या, सल्लागार मंडळातून बाहेर पडले ते याच वादामुळे. त्या वादाचा निकाल इथे लावता येणार नाही. पण भाकरीच्या बदल्यात कोणाची श्रद्धा मागणे, हेही स्वतःलाच पुढे ठेवणे आहे, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी बोलून दाखवले पाहिजे.

आता दुसरी बाजू. निमूट सोसायला सांगणाऱ्या उपदेशाला विटलेले आजचे सुशिक्षित म्हणतात, आधी स्वतःला सावरा, मग उरलेच तर इतरांना द्या. त्यांचा राग मला समजतो, पण हा सल्ला पटत नाही. 1882च्या फेब्रुवारीत रमाबाईंचा नवरा वारला, पदरी तान्ही मनोरमा. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे बायकांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. स्वतःची जखम भरण्याची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर दुष्काळातल्या त्या मुलींचे काय झाले असते? पुरेसे सावरल्याचा दिवस उजाडत नाही. दुःखी माणसालाही देता येते, फक्त ते त्याचे त्याने द्यायचे असते.

म्हणून पाळकांना माझी उघड मागणी आहे. ती बाई पुन्हा दारात आली की तिला क्रूसाचे वचन वाचून दाखवू नका. तिला सुरक्षित छप्पर द्या, पोलिसांत जायचे असेल तर सोबत जा, आणि स्वतःला नाकारण्याचा तो उपदेश तिच्या नवऱ्याला समोर बसवून करा.