डोंगराला वाहनतळ नको, स्टेशन हवे

परभणी जिल्ह्यात डोंगर नाहीत, असे आमची शिकलेली मंडळी मोठ्या खात्रीने सांगतात. १९९९ साली हिंगोली वेगळी झाली, औंढ्याचे डोंगर तिकडे गेले. आता उरली ती काळी जमीन आणि तिच्यावरचा कापूस, असा त्यांचा हिशोब. डोंगर पाहायचा तर भाड्याची मोटार करून सह्याद्रीत जावे. रात्रभर पेंगत प्रवास, सकाळी पायथ्याशी मोटारींची रांग, दुपारी माथ्यावर छायाचित्रे, संध्याकाळी पुन्हा त्याच मोटारीपाशी. याला म्हणे गिरिभ्रमण म्हणायचे!

मी याला गिरिभ्रमण म्हणायला तयार नाही. मोटारीने डोंगराला जाणाऱ्याच्या पायात दावे असते. खुंट्याला बांधलेला बैल जसा दाव्याच्या लांबीएवढेच चरतो, तसा हा गृहस्थ मोटार उभी असेल तिथवर परत आलाच पाहिजे. डोंगराची पलीकडची बाजू त्याच्या नशिबी नाही. रेल्वेने जाणारा मात्र एका स्टेशनावर उतरतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्या स्टेशनावर गाडी धरतो. डोंगर चढणे निराळे आणि डोंगर ओलांडणे निराळे.

मुंबई-पुण्याच्या लोकांना हे केव्हाच उमगले आहे. लोणावळ्याला उतरावे, लोहगड पाहावा, भाज्याची लेणी करून मळवलीला गाडी पकडावी, हा त्यांचा जुना परिपाठ. २०२५ साली लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण खिशात लोकलचे तिकीट असलेल्या पोरांनी तो वारसा त्याच्या कितीतरी आधीपासून पायांनी मोजला आहे. नेरळहून माथेरानला १९०७ साली छोटी गाडी चढली. वर मोटारीला अजूनही मज्जाव आहे. म्हणून तिथे पायवाटेला किंमत आहे.

हे झाले दूरचे. आमच्याच मनमाडच्या लोहमार्गावर दौलताबादला उतरले की देवगिरी दिसतो. मनमाडजवळ तर स्टेशनानेच अनकाईचे नाव घेतले आहे. आणि घरचा डोंगर? परभणीहून परळीची गाडी घ्या. गोदावरीचा पूल ओलांडला की गंगाखेड येते आणि तिथून जमीन वर चढू लागते. तो बालाघाट. पुढे वडगाव निळा, उखळी अशी लहान स्टेशने. शेवटी परळी, जिथे वैजनाथाचे देऊळही उंचवट्यावरच उभे आहे. दिवाळीच्या सुमारास या टेकड्यांवर सीताफळाचे डोळे उघडलेले असतात. एका स्टेशनावर उतरून दुसऱ्यावर चढायला याहून चांगला मुलूख कोणता?

"ते कसले डोंगर! टेकाडेच ती!" असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने ती कधी चालून पाहिली आहेत काय? शेगावची पालखी दरवर्षी आषाढीला परभणी, गंगाखेड, परळी अशी पायीच जाते. या मातीला चालणे नवे नाही. गंगाखेड तर जनाबाईचे गाव. चालणे विसरलो ते आम्ही, पगारदार आणि पुस्तके वाचणारे.

यात खरा तोटा मुलांचा आहे. "मी पाहिलेला डोंगर" हा निबंध घातला की आमची मुले मार्गदर्शिकेतला सह्याद्री उतरवून आणतात. आणि वर्गाच्या खिडकीतून बालाघाटाची निळी रेघ दिसत असते! सहलीची वर्गणी ज्याच्या बापाला झेपत नाही तो मुलगा घरी राहतो. त्याला पॅसेंजरचे तिकीट परवडते. २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुढे परतल्या त्या पुष्कळ ठिकाणी एक्स्प्रेसचे भाडे घेऊन, आणि ते भाडे उतरायला २०२४ साल उजाडले. त्या काळात मजूर बोलले, दूधवाले बोलले. निसर्गप्रेमाची व्याख्याने देणारे गप्प होते, कारण त्यांचा निसर्ग मोटारीने जातो.

तेव्हा पर्यटनविकासाच्या नावाने प्रत्येक टेकडीवर डांबरी रस्ता आणि वाहनतळ मागणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: हे काही मागू नका. लहान स्टेशनावर सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी थांबावी, एवढे मागा. फलाटावर पिण्याचे पाणी मागा. शाळांनो, एक सहल पॅसेंजरने काढा. मोटारवाल्याला डोंगराचा रस्ता कधीही मिळेल. तिकिटापुरते पैसे असलेल्या पोराचा रस्ता मात्र गाडीचा थांबा गेला की संपतो.